पोपटीच्या दिवसांतली निवडणूक

भांबुर्ड्याचा वास आला की हल्ली मला रिक्षाचा पडदा खाली ओढावासा वाटतो. पंधरा दिवसांपूर्वी नेऱ्याला शाळेतल्या एका बाईंकडे गेले होते, तिथून परतत होते. ऊन उतरलं होतं आणि डोंगराखालच्या शेतात कुणीतरी पोपटी लावली होती. मडक्याच्या तळाला भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, अंडी, मीठ-ओवा चोळलेली कोंबडी, वर पुन्हा पाला. मग मडकं उपडं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा, आत पाण्याचा थेंबसुद्धा घालायचा नाही. आमच्याकडे थंडी अंगाला लागायच्या आधी अशी नाकाला कळते. रिक्षावाल्याने लांब श्वास घेतला आणि म्हणाला, "मॅडम, कसला वास सुटलाय!" मी "हो ना" म्हटलं आणि डोळे भरून येऊ नयेत म्हणून पर्समध्ये उगाच चष्मा शोधत बसले. चष्मा डोळ्यांवरच होता.

पनवेलमध्ये शिरलो तर नाक्यावर वहिनी उभी. चांगली दुमजली घराएवढी. हात जोडलेले, डोक्यावर पदर, बाजूला साहेब, आणि वरच्या पट्टीत पक्षाचे बाकीचे साहेब, पासपोर्टच्या फोटोएवढे. म्हणजे निवडणूक आली. मागचीही अशीच थंडीत आली होती, वाल भरात असताना. त्या थंडीने वहिनीला पद दिलं आणि तिच्याकडून जे घेतलं ते काही परत यायचं नाही.

वहिनी म्हणजे माझ्या दादाची बायको, वनिता. राजकारणात जाण्याआधी ती आमच्या गावच्या केबल चॅनेलवर बातम्या द्यायची. मोठं काही डोळ्यांपुढे आणू नका. तळ्याजवळच्या इमारतीत, मिठाईच्या दुकानाच्या वर दोन खोल्या, त्यातल्या एकीत निळा पडदा आणि टेबल. आवाज धरला जातो म्हणून बातम्या वाचताना पंखा बंद. कमरेच्या वर कडक इस्त्रीची साडी आणि टेबलाखाली पायात बाथरूमच्या स्लिपर. ती गंभीर चेहऱ्याने तळोज्याच्या कारखान्यांच्या दुर्गंधीची बातमी वाचत असायची आणि तिच्या हनुवटीखालून "हळदीसाठी प्रशस्त हॉल, पार्किंगची सोय" अशी जाहिरात सरकत जायची. आमची आई रोज टीव्हीसमोर बसायची. सुनेने शेवटी नमस्कार केला की आईसुद्धा हात जोडायची आणि लगेच मला म्हणायची, "आता निघेल ती. भात लाव गं."

वहिनी आगरी, तळोज्यापलीकडच्या खाडीकाठच्या गावातली. घरात तिचं आमी-तुमी आणि हाय-नाय चालायचं, पण निळ्या पडद्यापुढे बसली की एकदम पुण्याची होऊन जायची. मी इतिहासाची मास्तरीण, पण तिचे उच्चार मीच घासूनपुसून घेतले होते. ती मला मुद्दाम "वन्सं" म्हणायची, चिडवायला. "वन्सं, नणंदेतला ण मला पयल्या दिवशी जमला बगा. भीतीनं." नणंदेला आपल्याकडे काही बरं नाव नाही, पण आमचं मात्र गूळपीठ होतं. दादा म्हणायचा, "या दोघी घरात असल्या की मीच पाहुणा."

मी सुट्टीच्या दिवशी कधीकधी तिच्याबरोबर गावांत जायची. तिचं काम बघायला मला आवडायचं. प्रश्न विचारला की ती माईक समोरच्यापुढे धरायची आणि गप्प. पार गप्प. माणूस अडखळला, थांबला, खाली बघत राहिला, तरी तिचा हात हलायचा नाही. कॅमेरावाला चुळबुळ करायचा, मलाच ओशाळल्यासारखं व्हायचं. आणि मग तो माणूस बोलायला लागायचा. एकदा ओवे गावाहून परत येताना मी तिला विचारलं, "एवढं कसं गं थांबवतं तुला?" ती म्हणाली, "मंजू, मानूस पयलं बोलतो ना, ते घरून ठरवून आनलेलं आसतं. ते सपलं की थांबतो. तवा माईक मागं घेतलास तर गेलं सगलं. खरं त्याच्या मागून येतं. माईक आपून मागं घ्यायचा नाय, त्यानं पुरे म्हनायचं."

दुसराही एक नेम होता तिचा. घरचं माणूस कॅमेऱ्यापुढे आणायचं नाही. हा नेम सगळ्यात जास्त टोचायचा तिच्या आईला, हिरामावशींना. मावशी खाडीच्या चिखलात उतरून निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, आणि चिंबोऱ्या धरायच्या आणि तळोज्याच्या नाक्यावर बसून विकायच्या. आवाज असा की भरतीच्या वेळी या काठावरून हाक मारली तर पलीकडच्या काठावरचा होडीवाला "ओ" द्यायचा. गावातल्या सगळ्या बायका टीव्हीत येऊन गेल्या होत्या. पाण्याच्या लायनीवर, रस्त्यावर, वासावर बोलून गेल्या होत्या. मावशी कमरेवर हात ठेवून लेकीला विचारायच्या, "सगल्या गावाला दाखवलंस. आमी काय टीव्हीत मावत नाय?" वहिनी हसून सांगायची, "आये, तू माजी आय हायस. बातमी नायस."

पोपटीला आम्हा सगळ्यांना मावशींचं बोलावणं असायचं. माझी आई शाकाहारी, तर तिच्यासाठी शेंगा, बटाटे आणि रताळ्यांचं वेगळं छोटं मडकं, आणि ते कुणी चुकून हलवलं तर मावशी त्याला शिव्या घालायच्या. निखाऱ्यातल्या मडक्यावर त्या बोटांनी पाणी शिंपडायच्या आणि कान देऊन ऐकायच्या. चर्र झालं आणि थेंब उडाला की पोपटी झाली. आम्ही मधेच बोललो तर हात वर करून गप्प करायच्या. त्या कान देऊन बसलेल्या असताना त्यांचा चेहरा अगदी वहिनीसारखा दिसायचा, माईक धरल्यावर दिसतो तसा. हे मी तेव्हाच तिला सांगायला हवं होतं असं नाही, पण सांगितलं असतं तर बरं वाटलं असतं दोघींना.

मग आमचा वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला आणि साहेब घरी आले. साहेब म्हणजे इथल्या पक्षाचे पुढारी. पांढरे शुभ्र कपडे, बोलणं लोण्यासारखं. आमच्या सोफ्यावर बसून म्हणाले, "ताई, लोकांच्या घरात शिरायला आम्हाला जन्म घालवावा लागतो. तुम्ही तर रोज संध्याकाळी जाता." दादा खुलला. म्हणाला, "इतकी वर्षं प्रश्न विचारलेस. आता उत्तर द्यायच्या खुर्चीत बसून बघ की." मलाही ते पटलं होतं. वाटलं, हिला लोकांचं सगळं ठाऊक आहे, हिच्यासारखी कोण मिळणार? आईने तर देवापुढे साखर ठेवली.

मावशींना सांगायला आम्ही गेलो तेव्हा त्या अंगणात राखेत घोळून निवट्या साफ करत होत्या. मूठभरच होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "इचारनारी व्हतीस ती बरी व्हतीस." वहिनी म्हणाली, "आये, इचारून काय व्हतं? करायला तिथं आत जायला लागतं." मावशींनी हातातली निवटी पाण्यात टाकली. "जा मंग. आत जाऊन आमाला इसरू नको म्हंजे झालं."

त्या थंडीतलं मला काय काय आठवतं! वहिनीला हात जोडता यायचे नाहीत. हसू नका, खरंच यायचे नाहीत. उजव्या हाताला माईकची सवय, तो आपोआप पुढे जायचा, समोरच्या माणसाच्या तोंडाकडे. कपाटाच्या आरशापुढे उभी राहून ती हात जोडायचा सराव करायची आणि मी पलंगावर बसून गुण द्यायची. संध्याकाळी हळदी. आमच्या भागात लग्नापेक्षा हळदीला गर्दी मोठी, आणि उमेदवाराने एकही चुकवायची नाही. डीजेच्या दणक्यात नवऱ्यामुलाला हळद लावायची, त्याच्या आईची गळाभेट घ्यायची, की पुढच्या मांडवात. वहिनी घरी यायची ती कोपरापर्यंत पिवळी. पांढऱ्या साड्यांवरचे डाग काही जायचे नाहीत. मी साबण घासत बसायची आणि ती मोरीच्या दारात उभी राहून सगळ्या मांडवांच्या नकला करायची. इतकं हसायचो आम्ही. तिच्या आवाजात मात्र हळूहळू काहीतरी शिरत होतं. वाक्याच्या शेवटी आवाज वर न्यायला ती शिकली, टाळ्यांसाठी.

पोपटी त्या वर्षी राहिली. मावशींचा निरोप आला होता, वहिनी म्हणाली, "निवडून येऊ दे, मंग लावू." तोवर शेंगा जून झाल्या.

शेवटची सभा तिच्या माहेरी होती, गावदेवीच्या देवळापुढच्या पटांगणात. आमच्या वॉर्डात ते गाव येत होतं म्हणून तर साहेबांनी तिला हेरलं होतं. मी मागे बायकांत बसले होते. वहिनी बोलली, छान बोलली. मग खाली उतरली आणि हातात माईक घेऊन लोकांत शिरली. तसं ठरलंच होतं, साहेबांना ती युक्ती फार आवडायची. कुणी पाणी म्हणालं, कुणी गटार म्हणालं. आणि मधूनच हिरामावशी उठल्या. नवं लुगडं नेसल्या होत्या लेकीच्या सभेला. वहिनी हसली, म्हणाली, "आये, घरी बोलू आपून."

मावशींनी माईक धरला. म्हणाल्या, "घरात मी तुजी आय हाय. इथं मतदार हाय."

पटांगण हसलं, टाळ्यासुद्धा पडल्या. साहेबही हसले. मावशी हसल्या नाहीत. त्या सरळ बोलत गेल्या, त्या आवाजात ज्याला माईकची गरजच नव्हती. "रातचा वास येतो, पोरं उठून बसतात. खिडक्या लावून झोपतो आमी. खाडीत निवटी नाय राहिली. ह्ये तूच टीव्हीत दाखवत व्हतीस. त्या कंपनीवाल्यांच्या सत्काराला कोन जातं त्ये पन तूच दाखवलंस. आज त्या सायबांच्याच बाजूच्या खुर्चीत बसलीस. तर इचार ना त्यांना. आमच्या मोरं इचार."

आणि थांबल्या.

मला इतकं स्वच्छ दिसतंय ते. मावशी थांबल्या होत्या, तोंड अर्धं उघडं होतं, पुढचं येणार होतं. वहिनीने मंचाकडे पाहिलं. साहेब आता हसत नव्हते. आणि वहिनीने माईक मागे घेतला. ओढला म्हणावं लागेल, कारण मावशींची बोटं त्यावर होती आणि स्पीकरमधून धप्प असा आवाज आला. "आईंचा आशीर्वाद आपल्या पाठीशी आहेच!" ती म्हणाली. शुद्ध मराठीत. आपल्या आईसमोर ती शुद्ध बोललेली मी पहिल्यांदा ऐकली.

मावशी नंतरही काही बोलल्या. ओठ हलताना मला दिसले. पण तोवर घोषणा सुरू झाल्या होत्या, ढोल वाजत होता, आणि तो खाडी ओलांडणारा आवाज दहा पावलांवर पोचला नाही.

हे सगळं चॅनेलच्या कॅमेऱ्याने टिपलं. वहिनीच्याच जुन्या कॅमेरावाल्याने. त्याचं काम होतं ते. रात्रीपर्यंत तो तुकडा गावभर मोबाइलवर फिरला. तरी ती निवडून आली. गावाने मतं दिली, आपली पोर म्हणून दिली. मावशींनी शाईचं बोट दाखवत सांगितलं, "तुलाच दिलं." गुलालाने माखलेली वहिनी दारात आली तेव्हा त्यांनी तिला ओवाळलं, तोंडात साखर घातली. मी सुटकेचा निःश्वास टाकला. वाटलं, मिटलं.

मिटलं नव्हतं, नुसतं झाकलं गेलं होतं. दोघी बोलायच्या, फोनवर रोज बोलायच्या. जेवलीस का, गुडघा कसा आहे, कोलंबी काय भाव. त्या संध्याकाळबद्दल एक अक्षर नाही. वहिनीने सभागृहात वासाचा विषय एकदा काढला. तो विषय दुसऱ्या खात्याचा आहे, असं उत्तर मिळालं आणि पुढचा विषय पुकारला गेला. घरी येऊन मला म्हणाली, "आयेला काय सांगू?" मी म्हटलं, "आधी विचार तिला. माईक घेतलास त्यानंतर ती काय म्हणाली ते." तिने पर्स खुंटीला अडकवली. मग म्हणाली, "भीती वाटते गं. तोंडावर सांगंल ती." साऱ्या जगाला प्रश्न विचारत हिंडलेली ही बाई, स्वतःच्या आईला तो एक प्रश्न तिला विचारता येईना. पावसाळा झाला की विचारते, म्हणाली.

पावसाळा संपता संपता मावशी गेल्या. दमा होताच, त्यातच गेल्या. वहिनी पोचली तेव्हा त्यांना अंगणात आणून ठेवलं होतं.

बाराव्यानंतर वहिनी एके दिवशी मला घेऊन चॅनेलच्या ऑफिसात गेली. निळा पडदा विटला होता, पंखा आता चालू ठेवत होते. तिला आईचा आवाज हवा होता, बाकी काही नको होतं. आम्ही बसून जुनं सगळं चित्रण पाहिलं. गावातल्या यच्चयावत बायका होत्या. मावशींच्या जावा बोलत होत्या, शेजारीण बोलत होती. एका ठिकाणी हंड्यांच्या मोर्चात मावशी कडेला उभ्या दिसल्या, चौकटीने अर्ध्या कापलेल्या, तोंड मिटून. मोबाइल त्यांच्याकडे साधा, बटणांचा. त्यावरून त्यांनी कधी कुणाला आवाज पाठवला नाही. मग लग्नाची सीडी काढली. त्यात हळदीला मावशी पोरीच्या गालाला हळद लावतात, काहीतरी सांगतात, आणि खदखदून हसतात. फोटोवाल्याने त्यावर सगळीकडे सनई घातली होती. वहिनी पुन्हा पुन्हा तिथंच मागे नेत होती, सनईच्या खालून काही ऐकू येतंय का म्हणून. शेवटी मी तिचा हात धरला. "घरच्या मानसाला दाखवायचं नाय," ती म्हणाली, "केवडी शानी समजत व्हती मी मला." मग ती टेबलावर डोकं ठेवून रडली. मीही रडले. खालून जिलेबीचा वास येत होता आणि मला त्या वासाचा संताप आला.

म्हणजे मावशींचा आवाज उरला तो त्या एका तुकड्यात, सभेतल्या, आणि तोही माईक होता तेवढाच. वहिनीला तो बघवत नव्हता. आणि मी गावातल्या लोकांना विचारून पाहिलं, पुढे त्या काय म्हणाल्या? पुढच्या रांगेतली एक म्हणाली, "जा बाय, सुखी रा, आसं बोल्ली." दुसरी म्हणाली, "छे, परत माज्या दारात येऊ नको म्हनली." तिसरीने ढोलामुळे काही ऐकलं नव्हतं. निदान ती खरं बोलली.

आणि आता पुन्हा निवडणूक. विरोधकांनी तो तुकडा शोधून काढला नसता तरच नवल. मोठा पडदा लावलेला टेम्पो गल्लीबोळांतून फिरवतात, आणि पनवेलच्या भर बाजारात हिरामावशींचा आवाज घुमतो. "घरात मी तुजी आय हाय. इथं मतदार हाय." गल्लीत खेळणाऱ्या पोराटोरांनासुद्धा ते वाक्य पाठ झालं आहे. वहिनीचे कार्यकर्ते तक्रार करायला निघाले होते. गेलेल्या बाईचा असा वापर करतात, लाज नाही यांना, म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं. वहिनीने सगळ्यांना थांबवलं. कारण सांगितलं नाही.

काल दुपारी ती जेवायला घरी आली होती. उभ्यानेच जेवत होती, हल्ली बसतच नाही. एवढ्यात तो टेम्पो आमच्याच गल्लीत शिरला, मुद्दाम आमच्या फाटकापुढे उभा राहिला, आणि मावशी बोलू लागल्या. मी खिडकी लावायला धावले. वळून पाहते तर ताट ओट्यावर, वहिनी दाराबाहेर. मी तिच्यामागे जिना उतरले. टेम्पोवाला तिला बघून घाबरला, बिचारा खाडीकाठच्याच गावांपैकी कुठला तरी माणूस होता, बंद करायला त्याने हात घातला.

"नको," वहिनी म्हणाली. "चालू दे."

उष्टा हात अंगापासून दूर धरून ती पडद्याखाली उभी राहिली. वर तिची आई नव्या लुगड्यात, रातचा वास, खाडी, निवटी. आमच्या मोरं इचार. मग धप्प, आणि पडदा काळा.

"याच्या मोरचं?" वहिनीने विचारलं.

"मोरचं नाय, ताई." तो माणूस खाली बघत म्हणाला. "तितंच माईक घेतला ना तुमी."

वहिनीने मान हलवली. हातावरचा भात वाळला होता.

"मंग तेवडंच लाव परत," ती म्हणाली.